कथेपेक्षा मान जुना: गावच्या संताचा उगम शोधताना

श्रीगोंदे हे अहिल्यानगर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. जुन्या कागदांत ते चांभारगोंदे म्हणून येते. महादजी शिंद्यांच्या घराण्यामुळे ते मराठ्यांच्या इतिहासात ठळक झाले. पण गावाचे दैवत कोण असे विचारले, तर नाव निघते शेख महंमदबाबांचे. ‘योगसंग्राम’ हा त्यांचा ओवीबद्ध ग्रंथ शके १५६७ मध्ये, म्हणजे इसवी सन १६४५ मध्ये पुरा झाला. वारकऱ्यांच्या लेखी ते संत, मुसलमानांच्या लेखी पीर, आणि एक परंपरा त्यांना कबीराचा अवतार मानते. रामदासांच्या नावावर त्यांच्या गौरवाचे पद आहे. म्हणजे ज्याचा ग्रंथ हाती आहे, काळ ठाऊक आहे, समाधी डोळ्यांसमोर आहे असा हा माणूस. तरीही तो कोणाचा शिष्य, कोणत्या वाटेने या गावात आला आणि गावाने त्याला आपले दैवत केव्हा केले, या तीन प्रश्नांवर गेल्या शतकभरात अभ्यासकांनी घाम गाळला आहे.

महाराष्ट्रात गावोगावी असा एक तरी संत, पीर, नाथ किंवा बाबा असतोच. बहुतेकांच्या बाबतीत ग्रंथ नाही, सनावळी नाही. आहे ती एक कथा, एक जत्रा आणि ‘फार पुरातन’ हे दोन शब्द. उगम शोधायला निघालेला माणूस साहजिकच कथेला पहिला हात घालतो. या क्षेत्रातले महत्त्वाचे काम वाचल्यावर माझे मत मात्र असे झाले आहे की कथा ही सर्वांत सैल आणि सर्वांत उशिरा स्थिरावलेली गोष्ट असते. त्याहून जुने आणि टणक असते ते मानपानाचे गणित: पालखीला पहिला खांदा कोणाचा, काठी कुठल्या गावची, होळी कोणी पेटवायची, नैवेद्य कोणाच्या घरून यायचा, आणि देवाच्या नावे जमीन कोणी दिली.

शेख महंमदांपासूनच पाहू. ‘योगसंग्रामा’त ते आपल्या गुरूचे नाव चांद बोधले असे सांगतात. हेच चांद बोधले जनोपंतांचे, म्हणजे देवगिरीच्या जनार्दनस्वामींचेही गुरू आणि जनार्दनस्वामींचे शिष्य एकनाथ, अशी साखळी त्यातून मिळते. चांद बोधल्यांची कबर दौलताबादेत आहे आणि कादिरी सूफींच्या परंपरेत त्यांचे नाव चांदसाहेब कादरी असे येते. एकनाथांच्या चरित्रांत मात्र जनार्दनस्वामींना दर्शन देतो तो दत्तात्रेय, आणि तो येतो मलंगाच्या वेषात. रा. चिं. ढेरे यांनी या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या. स्लोवाकियाचे अभ्यासक दुशान देआक यांनी पुढे हाच धागा मराठी ग्रंथांत आणि दर्ग्यांच्या परंपरेत तपासला. चरित्रकारांना फकीर गुरू आठवत होता, पण तो तसा सांगणे अवघड झाले होते, म्हणून दत्त मलंगाच्या कपड्यांत आला, असा निष्कर्ष इथून निघतो. मला तो पटतो. वेष हा तपशील कथेला गरजेचा नव्हता. दत्ताला मूळ रूपातच आणता आले असते. गरज नसताना टिकून राहिलेल्या तपशिलाकडे संशोधकाने नेहमी थांबून पाहावे.

काळाचा हिशेब इथे ताणला जातो. जनार्दनस्वामी १५७५ मध्ये गेले आणि शेख महंमदांचा ग्रंथ त्यानंतर सत्तर वर्षांनी पुरा झाला. दोघांनाही एकाच गुरूने प्रत्यक्ष उपदेश केला असेल, तर एकाच्या वेळी गुरू भर वयात आणि दुसऱ्याच्या वेळी अगदी म्हातारपणी असायला हवेत, आणि शेख महंमदांनी ग्रंथ लिहिला तो उतारवयात. हे अशक्य नाही, पण जागा फार थोडी उरते. म्हणून कोणी त्यांचा जन्म १५६० च्या आसपास नेतो, कोणी आणखी पंधरा वर्षे पुढे आणतो. असे जन्मसाल छापील चरित्रात एकदा बसले की ते पुराव्यातून आलेले वाटू लागते. प्रत्यक्षात ते गुरुपरंपरा जुळवण्यासाठी मागून काढलेले उत्तर असते.

महिपतींनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात संतचरित्रे रचली. ‘भक्तविजय’ १७६२ चा, ‘भक्तलीलामृत’ १७७४ चे. शेख महंमद आणि ही चरित्रे यांच्यात शंभराहून अधिक वर्षे गेली होती. देहूला तुकोबांच्या कीर्तनात मंडपाला आग लागली आणि शेख महंमदांनी श्रीगोंद्यात बसल्या जागी हात चोळून ती विझवली, ही कथा या परंपरेत सर्वांच्या आवडीची. कबीराने काशीत पाणी ओतून जगन्नाथपुरीत भाजणाऱ्या माणसाला वाचवल्याची कथा उत्तरेत याआधीच फिरत होती. कबीराचा अवतार मानलेल्या संताला कबीराचा चमत्कार मिळाला, असे मी याकडे पाहतो. त्यातून शेख महंमदांच्या आयुष्यातला एकही दिवस हाती लागत नाही. पण श्रीगोंद्याचा हा संत वारकऱ्यांच्या मंडळीत तुकोबांचा सोबती म्हणून केव्हा बसू लागला, त्याची साक्ष मात्र मिळते.

आता कथेबाहेरची गोष्ट. शेख महंमद मूळचे आष्टीकडच्या वाहिऱ्याचे आणि शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजी भोसले यांनी त्यांना श्रीगोंद्यात आणून मठ बांधून दिला, असे परंपरा सांगते. वा. सी. बेंद्रे यांनी शेख महंमदांच्या काव्याचे संपादन केले. शिवाजी महाराजांचे अस्सल चित्र शोधून काढणारे बेंद्रे ते हेच, आणि कागदाची शिस्त त्यांच्या हाडात होती. त्यांनी चमत्कार बाजूला ठेवून मठ, जमीन आणि भोसल्यांचा संबंध यावर लक्ष दिले. सोळाव्या शतकाच्या अखेरीला निजामशाहीच्या मुलखात हळूहळू मोठ्या होत चाललेल्या एका मराठा सरदाराला पीर किंवा साधू जवळ असणे मोलाचे होते. मालोजींच्या मुलांची शहाजी व शरीफजी ही नावे नगरच्या शाह शरीफ या पिरावरून ठेवली, हीही परंपरा याच घराण्याची. सरदाराचे दान, मठाची जागा आणि वंशजांकडे राहिलेले हक्क या तिन्हींची रेघ जुळते तिथे पाऊल घट्ट पडते.

याच जिल्ह्यात पाथर्डी तालुक्यात मढी आहे, आणि मानपानाचा पुरावा मढीइतका बोलका मी दुसरीकडे वाचलेला नाही. तिथल्या संताला बहुसंख्य लोक कानिफनाथ किंवा कान्होबा म्हणतात. १८८४ च्या नगर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये तो शाह रमजान माही सवार या नावानेही येतो, माशावर बसून गोदावरी ओलांडणारा फकीर म्हणून. नाथ परंपरेच्या बाजूने सांगणारा थेट ‘नवनाथ भक्तिसारा’कडे बोट दाखवतो. हा ग्रंथ धुंडिसुत मालूंनी शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली पुरा केला. ज्या साली पेशवाई बुडून जेमतेम वर्ष झाले होते, त्या सालच्या पोथीवरून चौदाव्या शतकातल्या किंवा त्याआधीच्या माणसाचा उगम ठरवला जातो. पोथीच्या शेवटी तर जालिंदर म्हणजे जानपीर, गहिनी म्हणजे गैबीपीर असे जोड नावांचे खुलासे आहेत. म्हणजे पोथी लिहिली गेली तेव्हा या समाध्या दोन नावांनी पुजल्या जात होत्या आणि कर्त्याला त्याचा उलगडा करणे भाग होते. पोथीतले उत्तर ग्राह्य मानायचे की नाही हा पुढचा प्रश्न. तो प्रश्न १८१९ साली लोक विचारत होते, हे मात्र पक्के.

पुढे ‘भक्तिसार’ छापले गेले, घरोघरी पारायणे सुरू झाली आणि पोथी गावात परतली. ज्या गावात पूर्वी नुसताच एक ‘बाबा’ होता, तिथे तो नवनाथांपैकी अमुक झाला. जिथे कथा अर्धी होती, तिथे ती पोथीतल्या अध्यायाने पुरी झाली. आज एखाद्या पुजाऱ्याने सांगितलेली हकिगत आणि पोथीतला मजकूर शब्दशः जुळला की लोक त्याला दुजोरा समजतात. तो दुजोरा नसतो. एकाच झऱ्याचे पाणी दोन भांड्यांत असते.

मढीची जत्रा पाहिली की वेगळे चित्र दिसते. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालणाऱ्या या जत्रेत मानाची होळी पेटवण्याचा हक्क गोपाळ समाजाचा. कैकाड्यांच्या काठीला मान. वैदूंसह अनेक भटक्या जमातींच्या जातपंचायती वर्षानुवर्षे इथेच भरत. गाढवांचा बाजार तर राज्यभर माहीत आहे. गावकुसाबाहेर फिरणाऱ्या लोकांचे इतके हक्क ज्या स्थानी एकवटले आहेत, त्या स्थानाचा पाया पैठणहून डोंगराकडे जाणाऱ्या वाटांवरच्या वाटसरूंनी, पाथरवटांनी, गाढवांवर ओझी वाहणाऱ्यांनी घातला असावा, हे अनुमान मला कुठल्याही चरित्रापेक्षा भक्कम वाटते. शाहू महाराजांनी इथे बांधकाम करवले ते येसूबाईंच्या नवसामुळे, असे सांगतात. गोपाळ समाज आपला होळीचा मान त्याच बांधकामात वाहिलेल्या दगडांशी जोडतो. राजाचे नाव सगळ्यांनी लक्षात ठेवले. दगड वाहणाऱ्यांचे नाव मात्र होळीच्या मानातच उरले आहे.

या दिशेने पद्धतशीर काम करणारे पहिले मोठे नाव म्हणजे गुंथर सोंथायमर. हायडलबर्गचे हे जर्मन विद्वान मूळचे हिंदू कायद्याचे अभ्यासक. एकत्र कुटुंबातल्या हक्कांवर त्यांचा ग्रंथ आहे. कायद्याच्या माणसाची नजर घेऊनच ते धनगरांच्या देवांकडे वळले, असे त्यांचे लेखन वाचताना पदोपदी जाणवते. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ चा. इंग्रजीत तो १९८९ मध्ये आला. पुरंदर तालुक्यातल्या वीरचा म्हस्कोबा मूळ सोनारीचा, परंड्याजवळच्या भैरवनाथाच्या ठाण्याचा. कमळाजी नावाचा धनगर म्हातारपणी सोनारीची वारी झेपेना म्हणून देवाला विनवतो आणि देव त्याच्या मागोमाग येतो, ही वीरची मूळकथा. भक्त थकला म्हणून देव गावी आला, असे महाराष्ट्रातली शेकडो ठाणी सांगतात, आणि तेवढ्यावर थांबलो तर हाती काही येत नाही. सोंथायमर थांबले नाहीत. माघातल्या देवाच्या लग्नात कोणत्या घराण्याचे काय काम, भाकणूक कोण सांगतो, कुठल्या गावच्या काठ्या कधी येतात, हे त्यांनी टिपले. धनगरांचा मेंढरांसह फिरण्याचा मुलूख, पावसाचे प्रमाण आणि देवाची वाट यांचा मेळ घातला. तेव्हा कथेतला प्रवास माणसांच्या स्थलांतराचा निघाला. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ १९८४ चा. पंढरपूरच्या देवामागचा गवळी-धनगरांचा देव त्यांनी असाच लोकाचार, स्थळे आणि ग्रंथ यांच्या ताणाबाण्यातून उभा केला. दामोदर कोसंबी १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त आणखी मागे जातात आणि पुण्याभोवतीच्या देवींच्या ठाण्यांपाशी अश्मयुगीन गारगोटीची हत्यारे सापडतात, याकडे लक्ष वेधतात. एवढी उडी दर ठिकाणी घेता येत नाही, पण ठाणे आणि वाट यांचे नाते त्यांनी कायमचे शिकवले.

इंग्रजी अमदानीतले लेखन यापुढे उणे वाटते, तरी ते टाकता येत नाही. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांनी इलाख्यातल्या शाळामास्तरांकडून प्रश्नांची उत्तरे मागवून लोकसमजुतींची टिपणे जमवली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी नाशिकच्या नाट्यगृहात त्यांना गोळी घातली. मागे राहिलेली टिपणे आर. ई. एन्थोवेन यांनी सिद्ध केली आणि पुढे १९२४ मध्ये मुंबई इलाख्याच्या लोकवाङ्मयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या टिपणांतले गाव मास्तरांच्या नजरेचे आहे. मास्तर बहुधा लिहिता-वाचता वरिष्ठ जातीचा, त्याला माहिती देणारा पाटील किंवा जोशी. होळी कोण पेटवतो हे प्रश्नावलीत विचारलेच नसेल तर उत्तरात येणार कुठून? तरीही ‘भक्तिसारा’ची पारायणे सर्वदूर रुजण्याआधी एखाद्या गावात काय सांगत असत, याची चाचपणी करायला हीच जुनी पाने उपयोगी पडतात.

मान जुना असतो असे म्हणताना एक सावधगिरी हवी. मानही बदलतात. ते विकले जातात, लिलावात निघतात, वाटणीत तुटतात, नवा श्रीमंत जुन्या मानकऱ्याला बाजूला सारतो. फरक एवढाच की कथा बदलली तर कोणी फिर्याद करत नाही. मान हिरावला की भांडण होते, आणि भांडण झाले की कागद होतो. मराठेशाहीतले महजर हे अशा कागदांचे आगर आहे. गोतसभेपुढे दोन घराणी उभी राहत, होळीची पोळी किंवा पोळ्याचा पहिला बैल कोणाचा यावर साक्षी होत, शेजारच्या गावचे पाटील-कुळकर्णी, बलुतेदार आपापल्या निशाण्या करत. त्यात देवाचे जुने नाव, पुजाऱ्याची जात, ठाण्याची जागा सहज बोलण्याच्या ओघात येऊन जाते. साक्षीदाराला देवाचा महिमा वाढवायचा नसतो, वाद मिटवायचा असतो; म्हणून त्याचे बोलणे जास्त भरवशाचे. देवस्थान इनामांच्या सनदा, इंग्रजांच्या इनाम चौकशीतल्या कैफियती, पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी रुमाल, तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या, दक्षिण महाराष्ट्रात हेळवी सांगतात त्या वंशावळ्या, या सगळ्यांची जात एकच. गावच्या संताचा शोध घेणाऱ्या तरुणाने आधी मोडी शिकावी, चरित्रे नंतर वाचावीत, असे मला वाटते.

गोव्यात याचा विलक्षण दाखला आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी साष्टीतली देवळे पाडली. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. जे देव नेता आले नाहीत ते नाहीसे झाले. पण देवळांच्या जमिनी ताब्यात घ्यायच्या तर त्यांची नोंद करावी लागणार. १५६७ च्या साष्टीच्या फोराल नावाच्या नोंदवहीत ती झाली, आणि आज कुठल्या गावात कोणती दैवते होती हे कळण्याचे ते एक मुख्य साधन आहे. देव मोडणाऱ्यांच्याच वहीत देवांची नावे शिल्लक राहिली. म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण आणि शिरगावची लईराई देवी या बहिणी मानल्या जातात. त्यांच्या उत्सवांत तेल-फुलांची देवाणघेवाण होते. चर्चच्या कागदांत या नात्याला जागा नाही; रिवाजात आहे.

युरोपातल्या खेड्यांतही गावच्या संतांचा असाच शोध चालला आहे. बेल्जियमच्या जेझुइट विद्वानांनी १६४३ पासून संतचरित्रांची चिकित्सक प्रकाशने सुरू केली आणि कित्येक लाडक्या संतांचे पाय जमिनीवर नाहीत असे दाखवून दिले. त्यांचा भर हस्तलिखितांवर होता. झाँ-क्लोद श्मिट यांनी १९७९ मध्ये लिऑनजवळच्या खेड्यांतल्या संत गिनफोरवर लिहिले तेव्हा हस्तलिखितासोबत रानातली जागाही तपासली. गिनफोर हा कुत्रा. बाळाला सापापासून वाचवले आणि गैरसमजाने धन्याच्या हातून मेला. आपल्या पंचतंत्रातल्या मुंगसाचीच ही कथा. तेराव्या शतकात एत्येन द बूर्बों या धर्मोपदेशकाला बायका आजारी मुले त्याच्या थडग्यापाशी नेतात असे कळले. त्याने हाडे उकरून जाळली, झाडे तोडली. तरी एकोणिसाव्या शतकात अभ्यासक तिथे गेले तेव्हा त्याच रानात आया येत होत्या. कथा हिंदुस्थानातून की आणखी कुठून आली यावर पाने भरली गेली आहेत. आजारी पोराला त्या जागी नेण्याचा विधी मात्र तिथलाच, आणि सहाशे वर्षे तोच टिकला.

उगमाचा प्रश्न आज नुसता अभ्यासाचा राहिलेला नाही. जानेवारी २०२० मध्ये साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी रुपये देण्याची घोषणा झाली आणि १९ तारखेला शिर्डी बंद राहिली. १९१८ मध्ये देह ठेवलेल्या, छायाचित्रे असलेल्या, शेकडो माणसांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या साधूचा जन्म कुठला यावर शंभर वर्षांनी दोन गावे समोरासमोर आली. विश्वास खेर यांनी १९७० च्या दशकात पाथरीच्या बाजूने मांडणी केली. मेरियन वॉरेन यांनी बाबांचे सेवक अब्दुल यांच्या वहीच्या आधारे सूफी अंग पुढे आणले. कीर्तनकार दासगणूंनी आधीच सेलूच्या गोपाळराव देशमुखांशी नाते जोडले होते. साईबाबांनी स्वतः हा प्रश्न मोकळा ठेवला होता. माझ्या मते संशोधकाने पुरावा जेवढा बोलतो तेवढेच लिहावे आणि मढी, श्रीगोंदे, कल्याणजवळचा हाजी मलंग अशा स्थानांच्या आजच्या मालकीवादात एका बाजूचा वकील होऊ नये. दोन नावे दोनशे वर्षांपूर्वीपासून नांदत असल्याचा लेखी दाखला असेल, तर त्यातले एक खोटे ठरवण्याची घाई पुराव्यालाच नाकारते.

सगळ्यांत तातडीचे काम मात्र जीर्णोद्धाराशी जोडलेले आहे. निधी मिळतो, जुना सभामंडप उतरवला जातो, शिलालेखाच्या दगडावर ग्रॅनाइट चढते, वीरगळ पायरीखाली जातो, शेंदराचे कवच काढताना मूळ तांदळा फुटतो, आणि नव्या संगमरवरी फलकावर छापील पोथीतली कथा सोनेरी अक्षरांत बसते. काम सुरू होण्याआधी प्रत्येक दगडाचे छायाचित्र घ्यावे, लेखांचे ठसे काढावेत. मानकऱ्यांची यादी त्यांच्या तोंडून, त्यांच्या क्रमाने आणि त्यांच्या भांडणांसह लिहून घ्यावी. ज्याचा मान गेला त्याच्याकडे आधी जावे; पूर्वी काय होते हे त्याला सर्वांत नीट आठवते. गुरव, मुजावर, पुजारी यांच्या पेट्यांतले कागद तिथल्या तिथे छायाचित्रित करून परत द्यावेत. हे काम विद्यापीठांच्या मराठी आणि इतिहास विभागांतले विद्यार्थी एका जत्रेच्या मोसमात करू शकतात. श्रीगोंदे आणि मढी एकाच जिल्ह्यात आहेत; सुरुवात तिथून करता येईल, आणि पहिला प्रश्न होळी कोणी पेटवली हाच असावा.